नालीवरची फरशी : विदर्भातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं),
विदर्भातल्या सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

हे पत्र निधी मागायला लिहिलेलं नाही. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मार्च आला की ते कसे खर्च होतात हे आम्हाला ठाऊक आहे. वर्षाचं स्वउत्पन्न ३ लाख असेल तर होतात १५ हजार. गावात दिव्यांग १५ निघाले की प्रत्येकी हजार रुपये, अंगठा, फोटो, विषय संपला. कुठं हजाराच्या ऐवजी स्टीलचा डबा, कुठं ऐन मार्चच्या उन्हात ब्लँकेट. घेणाऱ्याच्या घरी त्याचा उपयोग होतोच. पण डबा घेऊन घरी जायची वाट तशीच राहते. आम्हाला बोलायचं आहे ते त्या वाटेबद्दल.

आम्ही खेड्यापाड्यांतल्या दृष्टिहीन माणसांना पांढऱ्या काठीने फिरायला, मोबाईल वापरायला आणि घरची-वावरातली कामं करायला शिकवणारे प्रशिक्षक व कार्यकर्ते. आमच्यातल्या काहींना स्वतःलाच दिसत नाही.

ज्याला दिसत नाही तो गाव पाठ करतो, एवढी एक गोष्ट आधी समजून घ्या. दारातून चौदा पावलं माती, मग सिमेंट लागतं. डाव्या अंगाला गिरणीचा पट्टा वाजतो, पुढं आरओच्या मोटारीची घरघर, डीपीचा गुंजारव, हॉटेलातल्या आलुबोंड्याचा वास, मग चढ. पायाखाली पेव्हिंग ब्लॉक आले की मारुतीचा पार आला. असा सगळा रस्ता डोक्यात असतो, आणि तो चांगला पक्का असतो. गाव न सांगता जागचं हललं की मात्र हा नकाशा मोडतो. पाइपलाइनसाठी रस्ता खोदला, बोअरजवळ मुरमाचा ढीग टाकला, पानठेला चार हात पुढं सरकला, की पाठ केलेली वाट खोटी ठरते. त्या माणसाला हे सांगायला एक पैसा लागत नाही. तरीही बहुतेक गावांत ते कोणी सांगत नाही.

नालीपासून सुरू करू. सिमेंट रस्ता झाला की दोन्ही अंगांना नाली येते, फूट-दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल. अंदाजपत्रकात नाली असते, झाकण बरेचदा नसतं. मग ज्याच्या त्याच्या दारासमोर ज्याची त्याची सोय: कुठं शहाबादी फरशी, कुठं जुन्या दाराची फळी, कुठं सिमेंटच्या मोडक्या खांबाचा तुकडा. काठीला प्रत्येक ठिकाणी वेगळा आवाज मिळतो. त्याचीही सवय होते, एवढंच नव्हे तर फळीचा आवाज आला की अमक्याचं घर आलं, ही खूणच बनते. घात होतो तो नाली उपसताना. फरशी काढून काठावर ठेवतात, गाळही काठावर काढतात. गाळ वाळायला चार दिवस लागतात, उचलायला पंधरा. दृष्टिहीन माणसाची काठी ढिगाला लागते. रस्त्याच्या मधून मोटारसायकली जात असतात म्हणून तो ढिगाला वळसा घालायला बाहेरच्या अंगाला सरतो, आणि काल जिथं फरशी होती तिथं पाय टाकतो. पावसाळ्यात तर रस्ता आणि नाली दोन्ही पाण्याखाली जातात. काठीला वरवर पाणीच लागतं, खोली कळत नाही. खोली कळायला काठी उभी धरून टोचत जावं लागतं, आणि तसं चालणारा माणूस दिसला की मागचा हॉर्न वाजवतो.

झाकण कसं असावं तेही सांगतो, कारण वाईट झाकण उघड्या नालीपेक्षा फार बरं नसतं. सळई टाकून केलेलं सिमेंटचं झाकण २ फूट लांब, दीड फूट रुंद, ३ इंच जाड पुरतं. त्याचं वजन सिमेंटच्या पोत्याएवढं, ५० किलोच्या आसपास भरतं आणि दोन माणसं ते नीट उचलून नीट ठेवतात. यापेक्षा मोठं केलं की मजूर ते ओढतात, कोपरे फुटतात, आणि फुटलेलं झाकण पुन्हा बसवायला कोणी येत नाही. झाकण नालीच्या भिंतींवर नुसतं ठेवलं तर ३ इंचांची पायरी तयार होते आणि अंगठा तिथंच ठेचतो. भिंतीच्या वरच्या कडेला आतून खाच सोडा, म्हणजे झाकण रस्त्याच्या पातळीत बसेल. उचलायच्या सळईच्या कड्या वर ठेवू नका, खोबणीत आडव्या पडतील अशा करा. पाणी आत जाण्यासाठी लोखंडी जाळी लागणार असेल तर पट्ट्यांमधली फट अर्ध्या इंचाच्या आत ठेवा आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या घाला. उभ्या पट्ट्यांत काठीचं टोक अडकतं, सायकलचं चाकही अडकतं. उपसणीच्या दिवशी एका वेळी चार-पाच झाकणंच उघडा. ती बसवल्याशिवाय पुढची काढू नका. उघड्या भागाच्या दोन्ही टोकांना आडवा बांबू बांधा, पण एक बांबू जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि दुसरा कंबरेएवढा. लाल फीत बांधून भागत नाही. ती दिसणाऱ्यासाठी असते, काठी तिच्याखालून निघून जाते.

हा खर्च ५ टक्के निधीतून करू नका, असंही आमचं म्हणणं आहे. झाकण रस्त्याच्या आणि नालीच्या कामाचाच भाग आहे, ते त्याच अंदाजपत्रकात धरायला लावा. रात्री दिवे गेल्यावर त्याच नालीत डोळस माणसंही पडतात, वासरंही.

काठीबद्दल एक गोष्ट गावकऱ्यांना सहसा माहीत नसते. काठी कंबरेखालचं सगळं सांगते, कंबरेवरचं काही सांगत नाही. त्यामुळे तोंड आणि छाती फुटते ती हवेत तरंगणाऱ्या गोष्टींवर. विजेच्या खांबाला दिलेला तिरपा ताण, म्हणजे खांब धरून ठेवणारी तार, यात पहिला. काठी तारेच्या खालून आरपार जाते आणि तार थेट कपाळावर येते. ताणाला हात लावायचा नाही, ते लाइनमनचं काम. पण तार जिथं माणसाच्या डोक्याच्या खाली येते तिथपासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत, म्हणजे दीड-दोन मीटर लांबीत, गुडघ्याएवढा दगडांचा ओटा रचला तर काठी आधी त्यावर थांबते. तारेवर पिवळा प्लॅस्टिक पाइप लाइनमनकडून चढवून घ्या, तो थोडंफार दिसणाऱ्यांच्या कामाचा.

मग पानठेल्याचा आणि छपरीचा पत्रा. पाच-साडेपाच फुटांवर आलेली पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते. रस्त्यावर आलेला पत्रा ७ फुटांच्या वर असावा. तो वर घेणं शक्य नसेल तर संत्र्याच्या बगिच्यातली जुनी ड्रिपची नळी घ्या, १६ मिलिमीटरची. ब्लेडने लांबीत चिरा आणि पत्र्याच्या कडेवर दाबून बसवा. दहा मिनिटांचं काम आहे, नळी तर बांधावर पडलेलीच असते. उभ्या बंडीचं जू आणि ट्रॉलीचा उघडा फाळका छातीवर लागतो. सोयाबीन निघाल्यावर डांबरी रस्त्यावर जे वाळत घालतात त्यावर पाय घसरतो, आणि पायाखालची ओळखीची सडकही हरवते. रस्त्यावर वाळवण घालू नका म्हटलं तर कास्तकार ऐकणार नाही, हे आम्हाला कळतं. निदान एका अंगाचा तीन-चार फुटांचा पट्टा मोकळा ठेवायला सांगा, आणि ते अंग दरवर्षी तेच असू द्या.

आता दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या काठ्यांविषयी. शिबिरात एकाच मापाच्या काठ्या येतात आणि उंच माणसालाही तीच, लहान पोरीलाही तीच मिळते. काठी उभी धरल्यावर तिची मूठ छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आली पाहिजे, भरभर चालणाऱ्याला त्याहून चार बोटं जास्त. आखूड काठीने माणूस वाकून चालतो आणि अडथळा एक पाऊल उशिरा कळतो. घडीच्या काठीच्या आतलं इलॅस्टिक वर्ष-दोन वर्षांत सैल होतं, सांधे निसटतात, आणि लोक काठी कोपऱ्यात टाकतात. खरं तर मुठीकडची गाठ सोडून नवं इलॅस्टिक ओवलं की ती पुन्हा ताठ होते. खालचं नायलॉनचं टोक सिमेंटवर घासून झिजतं, ते बदलावं लागतं. काळ्या मातीच्या गावात गोल फिरणारं जाड टोक घेऊ नका. पहिल्या पावसानंतर पांदणीत त्यावर मातीचा लाडू बसतो आणि टोक फिरतच नाही. तिथं बारीक सरळ टोक बरं. उलट सिमेंटच्या भेगांत बारीक टोक अडकतं, म्हणून दोन्ही टोकं जवळ हवीत. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली स्मार्टकेन कंबरेवरचा अडथळाही थरथरून सांगते. उपयोगी आहे, पण ती चार्ज करावी लागते आणि वापरायला शिकावं लागतं. काठी देऊन शिक्षण न देणं म्हणजे सायकल देऊन हवा न भरणं. तेव्हा पुढच्या मार्चमध्ये डब्यांऐवजी गावात आठ-दहा दिवस राहून चालायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं मानधन धरा. बाईला शिकवायला बाई मिळेल तर उत्तम, कारण चालण्याच्या शिक्षणात हात धरावा लागतो आणि लेकीला परक्या पुरुषासोबत पाठवायला घरचे तयार नसतात.

घरापासून संडासापर्यंतची वाट हा बायकांसाठी सगळ्यात अवघड भाग. संडास वाड्याच्या टोकाला, मध्ये गुरं, कुटार, पऱ्हाटीचा ढीग. त्यामुळे दिवसा कोणी सोबतीला नसेल तर पाणी कमी प्यायचं, हा उपाय कित्येक जणी करतात. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तो किती महागात पडतो ते तुमच्या आशाताईंना विचारा. यावर इलाज एका दोरीचा आहे. दारापासून संडासाच्या कडीपर्यंत कंबरेच्या उंचीवर, साधारण ३ फुटांवर, करंगळीएवढी जाड नायलॉनची दोरी ताणून बांधायची. सुताची दोरी पावसात कुजते. तार कधीच वापरायची नाही: उन्हात पोळते, आणि वाळत घालायच्या तारेत करंट उतरून माणसं दगावतात हे गावाला सांगायची गरज नाही. खांब सहा-सात फुटांवर एक. बांबू असेल तर खालचे दोन फूट जळक्या ऑईलमध्ये बुडवून पुरा, नाहीतर उधई एका पावसाळ्यात खाते. वळणाच्या दोन हात आधी दोरीला एक गाठ, संडासाच्या दाराआधी दोन गाठी. गुरं दोरीला बांधायची नाहीत आणि दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, हे घरच्यांना दोनदा सांगावं लागतं. आत बादली, पाण्याचा मग आणि साबणाची जागा एकदा ठरवली की घरातल्या कुणीही हलवायची नाही.

कठडा नसलेली विहीर पांदणीच्या कडेला असेल तर तिची यादी करा. शेततळ्याला कुंपण असतंच असं नाही, आणि आतला प्लॅस्टिकचा कागद एवढा गुळगुळीत असतो की पोहता येणाराही बाहेर निघू शकत नाही. काठावर पक्क्या खुंट्याला बांधलेल्या, पाण्यापर्यंत पोचणाऱ्या गाठीच्या दोऱ्या सोडायला शेतकऱ्याला सांगा. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडणं गुन्हा आहेच. झटका मशीनचा (कुंपणात थांबून-थांबून धक्का सोडणाऱ्या यंत्राचा) धक्का क्षणभराचा असतो, २३० व्होल्टचा प्रवाह माणसाला सोडत नाही. पण झटक्याच्या कुंपणावर लावलेली लाल चिंधी दृष्टिहीन माणसाला काही सांगत नाही. कोणत्या वावराला झटका लावला आहे ते त्याच्या घरी जाऊन सांगावं लागेल.

रॅम्पचं एक बोलून टाकतो. दिव्यांग म्हटलं की ग्रामपंचायतीसमोर रॅम्प बांधायचा, अशी समजूत झाली आहे. तो व्हीलचेअरवाल्यासाठी हवाच, आणि त्यावर मोटारसायकली उभ्या करायच्या नसतात. पण ज्याचे पाय धड आहेत त्या दृष्टिहीन माणसाला पायऱ्याच सोप्या जातात. फक्त सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या हव्यात, शेवटची अर्धी नको, आणि कठडा शेवटच्या पायरीच्या फूटभर पुढं आलेला हवा. शिवाय दृष्टिहीन म्हणजे ठार अंधार, असंही नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोप डोळ्याला ६० मीटरवरून जे दिसतं ते ३ मीटरवरूनही न दिसणं म्हणजे अंधत्व, आणि त्याच्या अलीकडे अल्पदृष्टी. या लोकांना रंगाचा फरक कळतो. पांढऱ्या चुन्याने रंगवलेल्या पायऱ्या दुपारच्या उन्हात एकसारख्या सपाट दिसतात. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा ऑईल पेंटचा पट्टा ओढा. ठिपक्यांच्या आणि रेघांच्या स्पर्शफरशा बसवायचा मोह झाला तर एवढंच लक्षात ठेवा: रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. दिसायला छान म्हणून सगळीकडे ठिपकेच बसवले तर माणूस जागोजागी थांबत बसेल.

आणि हो, कोणालाही काठी देण्याआधी त्याचे डोळे तपासले आहेत का ते पाहा. म्हाताऱ्या माणसाला मोतीबिंदू असेल तर त्याला ऑपरेशन हवं, काठी नव्हे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून घरात एकाला असेल तर भावंडांची तपासणी करून घ्या.

आता सूचनाफलक. अमरावती जिल्ह्यातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले, ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ त्यांनी रचले. ते शक्य झालं कारण त्यांना वाचून दाखवणारी आणि ते सांगतील ते लिहून घेणारी माणसं भोवती होती. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि ग्रामसभेची नोटीस काचेच्या कपाटात कुलूप लावून चिकटवतो. ती वाचून दाखवणारा कोण? दवंडी बंद झाली, घंटागाडीवर गाणी वाजतात. त्याच भोंग्यावर दोन मिनिटं नोटीस वाचा: पाणी कोणत्या वॉर्डात येणार नाही, रेशन कधी सुरू, रस्ता कुठं खोदला.

व्हॉट्सअॅपवर ग्रामपंचायत नोटिसीचा फोटो टाकते. दृष्टिहीन माणसाचा फोन बोलतो, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, पण फोटो आला की ते बहुतेक वेळा फक्त 'प्रतिमा' म्हणून गप्प बसतं. तोच मजकूर टाइप करून पाठवला तर शब्दन् शब्द वाचून दाखवतं. तेही युनिकोडमध्ये टाइप केला तर. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली फाइल आपल्याला मराठी दिसते, पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फोन ती तशीच बडबडतो. ऑपरेटरला इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्डवर युनिकोड टायपिंग करायला सांगा. टाइप करायला वेळ नसेल तर आवाजाचा मेसेज टाका, तो सगळ्यांना कळतो, निरक्षर आजीलाही. गावात टॉकबॅक शिकवायचं असेल तर आधी फोनमध्ये मराठी आवाज डाउनलोड करून घ्या. नाहीतर फोन मराठी अक्षरांवर अडखळतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमत नाही. दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद दाबून टॉकबॅक चालू-बंद होतं, ती सोय सेटिंगमध्ये आधी सुरू करून ठेवावी लागते. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवा: बोट उजवीकडे सरकवून पुढं जायचं आणि दोनदा टिचकी मारून उघडायचं. घरच्या पोरांनी मध्येच फोन हातातून घेऊन 'मी करून देतो' म्हणायचं नाही.

रेशन दुकानात बोटाचे ठसे झिजलेले निघाले की डोळ्याचं मशीन पुढं करतात. बुबुळावर फूल पडलेल्या माणसाचा डोळा ते मशीन वाचणार कसं? ओटीपी किंवा घरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा हे मार्ग असतात, त्याला परत पाठवू नका. पावतीवर काय छापलं ते मोठ्याने वाचून सांगितलं पाहिजे.

गावात मशीनवर अंगठा लावून बँकेतले पैसे काढताना फसवणूक होते. 'लागला नाही, परत लाव' असं चारदा ऐकून चार अंगठे दिले, त्यातले किती व्यवहार झाले ते घरी मेसेज वाचल्यावर कळतं. गावात पैसे देणाऱ्याला सक्त ताकीद असावी: प्रत्येक अंगठ्याआधी रक्कम बोलायची, नंतर मशीनवर काय आलं ते बोलायचं, आणि नोटा एकेक करून किंमत सांगत हातात द्यायच्या. नव्या मालिकेतल्या ५० च्या वरच्या सगळ्या नोटांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. १०० ची लांबी १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. चार मिलिमीटरचा फरक कोऱ्या नोटांत बोटाला लागतो, मळक्या दुमडलेल्या नोटेत नाही. कडेला उठावाच्या रेघा आहेत, १०० ला चार, ५०० ला पाच, पण वापरून त्याही सपाट होतात. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे अॅप २०२० पासून आहे, कॅमेऱ्यापुढं नोट धरली की किंमत बोलतं. आणि दृष्टिहीन माणसाला चेकबुक-एटीएम कार्ड देता येत नाही असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे, रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण सवलतीआधी गाडी कोणती हे कळायला हवं. पाटी समोर, काचेवर. कंडक्टरने दारातून गावाचं नाव पुकारलं की प्रश्न मिटतो. जुन्या कंडक्टरांची ती सवयच होती. चौपदरी रस्ते झाल्यापासून गाडी फाट्यावर पलीकडच्या अंगाला सोडते, आणि चार पदर एकट्याने ओलांडणं कोणत्याही काठीच्या आवाक्यातलं नाही. फाट्यावरच्या चहावाल्याला तेवढं सांगून ठेवा, तो रस्ता पार करून देईल. दिव्यांगाच्या कार्डासाठीच्या प्रवासाबद्दल काय बोलावं? सिरोंच्याहून जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरच्या घरात. तपासणीचं शिबिर तालुक्याला लावून घ्या, आणि कागद पूर्ण नसलेल्याला आदल्या दिवशीच कळवा.

उरला गावातला वावर. दृष्टिहीन माणूस पारावर आला की मागून आवाज बदलून कोणीतरी विचारतं, "ओयख पाहू, कोन हाय मी?" विचारणाऱ्याला ती मौज वाटते. दृष्टिहीन माणसाला मात्र दिवसातून दहा वेळा परीक्षा द्यावी लागते. आल्याबरोबर नाव सांगा, "बाबाराव, मी शंकर बोलतो", आणि उठून जाताना जातो म्हणा, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो आणि पोरं हसतात. रस्ता ओलांडून देताना दंड पकडून ढकलू नका, काठी तर मुळीच ओढू नका. तुमचा हात द्या. तो कोपराच्या वर धरेल, अर्धं पाऊल मागं चालेल आणि तुमच्या अंगावरून चढ-उतार ओळखेल. खुर्ची दाखवायची तर त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बसायचं तो पाहून घेईल. आणि 'तिकडं, त्या पिवळ्या घरापाशी' हे उत्तर नाही. डाव्या हाताला वीस पावलं, गिरणीच्या पुढं, हे उत्तर.

पंगतीत बसवताना त्याला कोपऱ्यात वेगळं ताट वाढू नका, ओळीत बसवा. पत्रावळ मांडली की कोणीतरी सांगावं: भात मधोमध, आलू-वांगं उजव्या हाताला, बुंदी वरच्या कडेला, पाण्याचा गिलास डावीकडे. वाढणाऱ्याने वरण ओतण्याआधी 'वरण' म्हणावं. अनेक जणांचे हात भाजले आहेत ते यामुळे, की भात कालवायला हात घातला त्याच क्षणी वरून उकळतं वरण आलं. लग्नात डीजे लावला की त्याचा गाव बंद होतो. गिरणी ऐकू येत नाही, मागून आलेली गाडी ऐकू येत नाही, बाजूचा माणूस काय म्हणतो ते कळत नाही. तेवढ्या तासांत कोणीतरी सोबत राहिलं पाहिजे.

भजनात पेटीवर बसवून मोकळं होऊ नका. ज्याला गळा नाही त्यालाही काम हवं. कापूस बोटांनी वेचता येतो, शेंगा फोडता येतात, दोर वळता येतात, शेळ्या सांभाळता येतात. रोजगार हमीवर पाणी पाजण्याचं काम त्याला नेमून द्या, मजुरी मात्र पूर्ण. ग्रामसभेत ठराव मोठ्याने वाचा, बोलणाऱ्याने आधी नाव सांगावं. मतं हात वर करून घेतली तर बाजूने किती, विरोधात किती, हे आकडे तोंडाने पुकारा. नाहीतर सभेत बसूनही ठराव मंजूर झाला की पडला हे त्याला घरी जाऊन विचारावं लागतं.

विनंती एकच आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी गावातल्या एका दृष्टिहीन माणसाच्या घरापासून रेशन दुकानापर्यंत त्याच्यासोबत चालत जा. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा कार्यक्रम करू नका. पट्टी बांधलेल्या डोळसाला फक्त भीती कळते, वाट कळत नाही. तो पुढं चालेल, तुम्ही एक पाऊल मागं राहा, मध्ये बोलू नका. तो जिथं थबकतो, जिथं काठी दोनदा आपटतो, जिथं हात पुढं करतो, तिथं खूण करा. पाच मीटरचा टेप, एक वही आणि ऑईल पेंटचा छोटा डबा सोबत असू द्या. खडूने खुणा कराल तर मिस्त्री येईपर्यंत त्या पुसलेल्या असतील.

आपले,
गावोगावी दृष्टिहीनांसोबत काम करणारे प्रशिक्षक आणि कार्यकर्ते